दीड घोडा

इजिप्तमधल्या आमच्या लक्सरमध्ये टांगे हाकणारे पुष्कळ, पण जिभेला लगाम नसलेला एकच, आमच्या गल्लीतला किनावी. त्याची तपकिरी घोडी शरबत नुसत्या टकटक आवाजावर वळायची, थांबायची, पाहुण्यांच्या फोटोसाठी मान वाकडी करून उभी राहायची. घोडीला शिकवलं त्यातले चार आणे जरी त्याने स्वतःच्या तोंडाला शिकवलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती आणि आमची गल्ली एका मोठ्या करमणुकीला मुकली असती.

त्याच्या तोंडी शपथ एकच. “माझ्यावर तलाक!” म्हणजे, मी म्हणतो ते खोटं निघालं तर माझी बायको माझी राहिली नाही असं समजा. आमच्याकडचे पुरुष ही शपथ जपून काढतात, जमिनीच्या भांडणात नाहीतर चोरीचा आळ आला तर. किनावीला ती टोमॅटोलाही चालायची. कालच्यापेक्षा टोमॅटो महाग झालेत, माझ्यावर तलाक! हा रेफरी आंधळा आहे, माझ्यावर तलाक! मंदिर इथून फार लांब आहे, पायी जाऊ नका, हेही तो परदेशी पाहुण्यांना याच शपथेवर सांगायचा. पाहुण्यांना वाटायचं हा काहीतरी मंत्र म्हणतोय, आणि ते आदराने मान लववायचे. मंदिर असायचं पुढच्या वळणावर.

ही खोड लग्नाच्याही आधीची. दौलतला मागणी घालायला तो इस्नाला गेला तेव्हा त्याने तिच्या वडिलांना सांगितलं की माझा घोडा सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला लक्सरहून इस्नात पोचतो, माझ्यावर तलाक! म्हातारा म्हणाला, “पोरा, अजून निकाह व्हायचाय. तलाक कुणाला देतोस?” तरी मुलगी दिली. म्हाताऱ्यालाही हसवणारा माणूस आवडत असणार.

टांगा, घोडी, खाली तबेला आणि वर खोली असं आजोबांचं घर, आणि दौलत. एवढीच किनावीची दौलत. घरासमोरच कॉफीखाना. दौलत चुलीपाशी मुलुखियाची पालेभाजी ढवळत असायची, समोरून “माझ्यावर तलाक” ऐकू यायचं, आणि ती पळीवरची चव बघत म्हणायची, “सुटले मी पुन्हा एकदा.” तेवढं म्हणून मीठ घालायची. अशी वर्षं गेली, मुलगी लग्न होऊन अस्वानला गेली, आणि शपथांचं काही कुणी मनावर घेतलं नाही.

मग आला तो उन्हाळा. भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या, नळाचं पाणी चहाला चालेल असं. अशा एका रविवारी फरगली कॉफीखान्यात आला. फरगलीचं पपायरसच्या चित्रांचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्याकडे पैसे असतात आणि गप्पांना विषय पैशांचाच असतो. एसी घेताना तुमच्याकडे टन विचारतात, आमच्याकडे घोडे, म्हणजे अश्वशक्ती, विचारतात. फरगली खुर्चीत बसला, पाय पसरले आणि म्हणाला, “झोपायच्या खोलीत सव्वादोन घोडे बसवले बुवा. रात्री पांघरूण लागतं.”

सगळ्यांनी माशाल्ला म्हटलं. किनावी गप्प राहिला, तेवढ्यावर निभावलं असतं. पण फरगली त्याच्याकडे वळला.

“घोड्यांचा धंदा तुझा, किनावी, आणि घोडे माझ्या घरात! तुझ्याकडे जन्मभर एकच, तोही उन्हात घाम गाळतोय.”

“एकच आहे, पण जिवंत आहे,” किनावी म्हणाला.

“जिवंत आहे म्हणून तर वास येतो.”

कॉफीखाना खो खो हसला. किनावीला दुसरं काहीही बोललेलं चाललं असतं. बापाला, टांग्याला, त्याच्या टकलाला. पण घोड्यांवरून कुणी त्याला खाली पाडावं, हे त्याला सहन होईना. तो ताडकन उठला.

“माझ्यावर तलाक! येत्या शुक्रवारी दुपारची अजान व्हायच्या आत दौलतच्या खोलीत दीड घोडा गार वारा सोडताना दिसेल. सगळ्यांनी बघायला यायचं. तूही ये, फरगली. येताना शाल आण, नाहीतर पडसं होईल.”

टाळ्या पडल्या. तेवढ्यात समोरची खिडकी उघडली. दौलत बाहेर वाकली होती.

“काय म्हणालात? पुन्हा म्हणा.”

किनावीने पुन्हा म्हटलं, छाती पुढे काढून.

“किती घोडे?”

“दीड.”

“कधीपर्यंत?”

“शुक्रवारची अजान.”

“सगळ्यांनी ऐकलं ना?”

“ऐकलं, वहिनी!” कॉफीखाना एका सुरात ओरडला. खिडकी बंद झाली.

किनावी घरी आला तर दाराशी एक गाठोडं. मोठं, फुगलेलं, चारी टोकं घट्ट बांधलेली.

“हे काय?”

“गाठोडं.”

“ते दिसतंय. कशाला?”

“इस्नाला, भावाकडे जायला. शुक्रवारी अजान झाली आणि दीड घोडा नसला, तर मी तुमची कोण? परक्या पुरुषाच्या घरात राहायचं कसं?”

“अगं, असं मी रोज म्हणतो!”

“रोज मी स्वयंपाकात असते. आज रिकामी होते, ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी किनावी धावतच मशिदीत शेख मुनीब यांच्याकडे गेला. शेखसाहेबांनी त्याचं सगळं ऐकलं, त्यांना हसू आलं ते दाढीत लपवलं, आणि विचारलं, “मनात तलाक होता का?”

“तोबा! मनात एसीपण नव्हता.”

“नुसतं बोलण्याला जोर यावा म्हणून म्हणालास. मग तलाक होत नाही. शब्द पाळला नाहीस तर दहा गरिबांना जेवू घाल आणि तोंड सांभाळ.”

किनावी उड्या मारत घरी आला. दौलत भेंड्या चिरत होती. तिने ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

“शेखसाहेबांनी देवाकडचा हिशेब सांगितला,” ती म्हणाली. “माझ्याकडचा कोण सांगणार?”

किनावी भांडी वाजायची वाट बघत राहिला. दौलत रागावली की भांडी आपटायची, हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी एक भांडं वाजलं नाही.

पैसे होते, नाही असं नाही. त्याच महिन्यात भिशीचा नंबर लागला होता. ते पैसे टांग्याच्या नव्या टपासाठी ठेवलेले. जुना टप इतका फाटला होता की पाहुणे आत बसून उन्हात असायचे. टप गेला खड्ड्यात, असं म्हणत किनावी पैसे कमरेला बांधून बाजारात गेला.

दुकानात एसी ओळीने भिंतीवर लावलेले. किनावीने त्यांची पाहणी सुरू केली, अगदी घोड्यांच्या बाजारात करावी तशी. दीड घोड्याच्या एका एसीपुढे थांबला, पुढची झडप बोटाने उघडून आत वाकून बघितलं, बाजूने थोपटलं.

“काका, काय बघताय?” विक्रेत्याने विचारलं.

“दात.”

“गॅरंटी पाच वर्षं आहे.”

“पाच वर्षांनी मरतो?”

“नाही हो, काका, देवाच्या कृपेने दहा-बारा चालतो.”

“माझी घोडी वीस चालेल. दर कमी कर. आणि जरा धावून दाखव.”

विक्रेत्याने एसी लावला. गार झोत किनावीच्या टकलावर आला आणि त्याच्या तोंडून आपोआप ‘अल्ला’ निघालं. घासाघीस तासभर चालली, दर एका गिनीनेही उतरला नाही, आणि कमरेचे जवळजवळ सगळे पैसे देऊन किनावीने दीड घोडा घेतला. खोका टांग्यात मागच्या गादीवर बसवला. शरबत निघाली. कॉफीखान्यासमोरून जाताना किनावीने खोक्याकडे वळून त्याला मंदिराची माहिती सांगितली, एखाद्या परदेशी पाहुण्याला सांगावी तशी. लोक उभे राहून सलाम करत होते. इतका आनंदी माणूस आमच्या गल्लीने त्या उन्हाळ्यात दुसरा पाहिला नाही.

मंगळवारी एसी बसवणारा उस्ताद वगदी आला. हा बारीक, गोड बोलणारा माणूस. त्याच्या तोंडी ‘किरकोळ’ हा शब्द असतो. ज्याच्या घरी वगदी येऊन गेलाय, त्याला या शब्दाची धास्ती वाटते.

वगदीने भिंतीला बोट लावलं. “कुणी बांधली?”

“आजोबांनी.”

“देव त्यांना स्वर्ग देवो. ही भिंत नाही, काका, बस्बूसा आहे, रव्याचा केक. हात लावला की रवा सांडतोय. बाहेरचा डबा यावर टांगला तर तुमच्या घोडीच्या डोक्यावर येईल. आरपार लोखंडी सळया घालू. किरकोळ.”

“किती?”

वगदीने आकडा सांगितला. किनावी म्हणाला, “हे किरकोळ?”

“आता नळी. खोक्यात तीन मीटर तांब्याची नळी येते. पण बाहेरचा डबा या बाजूला ठेवला तर दिवसभर उन्हात भाजेल. मागे घेऊ. म्हणजे अजून चार मीटर. तांबं हल्ली बायका गळ्यात घालतील इतकं महाग झालंय. पण किरकोळ.” मग त्याने वायर बघितली आणि कपाळाला हात लावला. “ही वायर आहे की शेवई? ही तर पंख्यालाच पुरत नसेल. मीटरपासून थेट नवी टाकू. वेगळं बटण. किरकोळ.”

“आणि मजुरी?” किनावीने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

“तीच तर अजून सांगितली नाही,” वगदी म्हणाला. “सांगायला लाज वाटते.”

पण सांगितली. किनावी पायरीवर बसला. दौलतने त्याच्या हातात पाणी दिलं. गाठोडं दाराशी होतंच. वगदी आत येताना त्याला अडखळलाही होता.

किनावीने डोकं धरून हिशेब केला. दीड घोडा ठेवला तर तो खोक्यातच राहणार. भिंतीवर चढवायचा असेल तर अर्धा घोडा त्या चढवण्यातच खर्ची घालावा लागणार. उधार मागायला जावं तर गल्लीत ज्याच्याकडे पैसे आहेत तो एकटा फरगली. त्यापेक्षा घोडीला गाडीत बसवून आपण टांगा ओढू, असं किनावी म्हणाला.

शेवटी बुधवारी तो खोका पुन्हा टांग्यात बसला आणि पुन्हा कॉफीखान्यासमोरून गेला, उलट दिशेने. या वेळी किनावीने मंदिराची माहिती सांगितली नाही. संध्याकाळी जरा लहान खोका घेऊन परतला. अख्ख्या कॉफीखान्याने माना वळवून खोक्यावरचा आकडा वाचला.

“काय रे,” फरगली ओरडला, “अर्धा घोडा वाटेत सांडला का?”

गुरुवारी ठोकाठोक झाली. आजोबांच्या भिंतीतून इतका रवा सांडला की शरबत पांढरी दिसायला लागली. दुपारी चारला वगदीने बटण दाबलं, झडप हळूच उघडली, आणि आतून गार वारा आला. दौलत झोतासमोर उभी राहिली. तिने डोळे मिटले, डोक्यावरचा रुमाल जरा मागे सारला, मान वर केली. किनावी दारातून बघत होता. आपण तिला इतक्या वर्षांत एवढं सुख कशानेही दिलं नाही, हे त्याला तिच्या तोंडावर दिसलं आणि त्याला आनंद झाला, वाईटही वाटलं.

दौलतने डोळे उघडले. “छान आहे,” ती म्हणाली. “कितीचा आहे?”

“एक.”

“आणि उरलेला अर्धा?”

“भिंतीत गेला. सळयांत, नळीत, शेवईत. अगं, हवा गारच लागतेय ना?”

“हवेबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही दीड म्हणाला होतात.”

शुक्रवार उजाडला. किनावी तबेल्यात शरबतच्या अंगावरचा रवा झटकत बसला होता. शरबतला वर न्यावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण मग दोन घोडे होतात. शपथ दीडाची. शरबतचा अर्धा भाग जिन्यावर आणि अर्धा खोलीत ठेवावा का, याचाही त्याने थोडा वेळ विचार केला. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी टण टण टण आवाज झाला. बिशाय आला होता, गॅसच्या टाक्या विकणारा ख्रिस्ती. टाकीवर पाना आपटत तो गाडी हाकतो, आणि गाडीला असतं पाशा नावाचं खेचर, करड्या रंगाचं, स्वभावाने एखाद्या पाशा सरदारासारखंच.

किनावीने पाशाकडे बघितलं. पाशाने किनावीकडे. किनावीच्या हातातला खरारा खाली पडला.

“बिशाय! याची आई कोण?”

“सरळ आईवर का येतोस?” बिशाय दुखावला.

“घोडी ना?”

“घोडी. बाप गाढव.”

“म्हणजे अर्धा घोडा!” किनावीने बिशायचे दोन्ही गाल धरून मुका घेतला. “बिशाय, तासभर मला दे. तुझ्या सगळ्या टाक्या मी विकून देतो, माझ्यावर त—” इथे त्याने जीभ चावली. “तुझ्या मुलांचं भलं होवो, दे!”

पुढचा तास आमची गल्ली अजून विसरलेली नाही. पाशाला गाडीतून सोडलं आणि जिन्याशी आणलं. जिना अरुंद, पायऱ्या उंच. पाशाने पहिली पायरी हुंगली आणि ठाम नकार दिला. किनावी पुढून ओढत होता, बिशाय मागून ढकलत होता आणि देवाचा, मरियमचा आणि सगळ्या संतांचा धावा करत होता. कॉफीखाना रिकामा होऊन जिन्याखाली जमला. जो तो सल्ला देत होता. कुणी गाजर आणलं, कुणी म्हणालं डोळे बांधा, फरगली म्हणाला किनावीचे बांधा. मशिदीतून लाउडस्पीकर खाकरल्याचा आवाज आला. अजानची वेळ होत आली होती, आणि पाशा तिसऱ्या पायरीवर उभा राहून झोप काढत होता.

तेवढ्यात वर दौलतने खोलीचं दार उघडलं. तिने मुद्दाम उघडलं की गडबड काय आहे ते बघायला उघडलं, हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गार हवेची एक लाट जिन्यावरून खाली आली. पाशाचे कान उभे राहिले. नाकपुड्या फुलल्या. आणि ते खेचर किनावीला बाजूला सारून, बिशायला मागे टाकून, उरलेल्या पायऱ्या टापा आपटत स्वतःच चढून गेलं आणि सरळ एसीपुढे जाऊन उभं राहिलं.

सगळी गल्ली वर आली. जेवढी मावली तेवढी खोलीत, बाकीची जिन्यात.

“हा एक,” किनावी धापा टाकत एसीकडे बोट करून म्हणाला. मग पाशाकडे. “आणि हा अर्धा.”

“गार वारा सोडताना, असं म्हणाला होतास!” फरगली जिन्यातून ओरडला. “हा कुठे वारा सोडतोय?”

पाशाने मान वर केली. थंड झोत त्याच्या नाकात गेला असावा. त्याने डोळे मिटले, वरचा ओठ उचलला आणि अशी शिंक दिली की दौलतच्या आरशावर धुकं आलं. आणि त्याच क्षणी मशिदीतून अजान सुरू झाली.

अजान संपेपर्यंत सगळ्यांनी हसू दाबून धरलं. फक्त खांदे हलत होते. संपल्यावर सगळे शेख मुनीब यांना शोधायला खाली धावले. नमाज झाल्यावर त्यांना दाराशीच गाठलं: खेचर अर्धा घोडा ठरतं का?

“आई घोडी आहे, तेव्हा अर्धा नक्की,” शेखसाहेब म्हणाले. “उरलेला अर्धा किनावीवर गेलाय.”

इकडे दौलत पलंगाच्या कडेला बसली होती. शिंक ऐकली तेव्हा ती जी हसायला लागली ती थांबेचना. रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होती, पुन्हा पाशाकडे बघत होती, पुन्हा हसत होती. किनावीला वाटलं, जिंकलो. तो नाचत दाराशी गेला. गाठोडं तिथेच होतं, गाठी तशाच.

आणि पाशा खाली उतरेना. बाहेर पंचेचाळीस अंश, आत मंद गार वारा, कोण उतरेल? गाजर झालं, शिव्या झाल्या, बिशायने हात जोडले. पाशाने त्यांच्याकडे पाठ केली. शेवटी बिशाय कॉफीखान्यात जाऊन बसला, आणि आपल्याच घरात जागा उरली नाही म्हणून किनावी आणि दौलत गच्चीवर गेली, कबुतरखान्याच्या सावलीला. एसी बसवलेल्या घराचे मालक भर दुपारी गच्चीवर घाम पुसत होते.

“हसलीस,” किनावी म्हणाला.

“हसले. खेचर शिंकल्यावर कोण हसणार नाही?”

“मग गाठोडं सोड.”

“शब्द पाळलात, मान्य. धडपडलात, तेही बघितलं. पण उद्या टोमॅटो पुन्हा महाग होतील.”

“आता मी तसं म्हणणार नाही. कधीच नाही, माझ्यावर त—” किनावी थांबला आणि कानशिलं खाजवायला लागला.

“दुसऱ्या कशाची तरी शपथ घ्या ना,” दौलत म्हणाली. “एसीची घ्या. म्हणा, मी खोटं बोललो तर हा एसी बंद पडो.”

किनावीने तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढे सळया आल्या, तांब्याची नळी आली, टांग्याचा न झालेला टप आला. त्याने तोंड मिटलं.

“त्याची कशाला? कालच बसवलाय. उगाच अभद्र बोलू नये.”

“बरं. शरबतची घ्या.”

“मुक्या जनावराची? तिला काही झालं म्हणजे?”

दौलत त्याच्याकडे बघत राहिली. हसू तिच्या तोंडावरून पार गेलं होतं.

“बघ,” ती म्हणाली. “एसीला जपतोस. घोडीला जपतोस. इतकी वर्षं मला टोमॅटोवर लावलंस, रेफरीवर लावलंस. एकदा तरी वाटलं तुला, ही खरंच गेली तर?”

कबुतरं घुमत होती. किनावीने गच्चीवर पडलेलं एक पीस उचललं आणि ते बोटांत फिरवत बसला.

“या आठवड्यात वाटलं,” तो शेवटी म्हणाला. “रोज वाटलं.”

“काय वाटलं?”

“पोटात दुखलं.”

“दुखू दे,” दौलत म्हणाली. पण ती जरा सरकली आणि सावलीत त्याला जागा करून दिली.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे लाइट गेली. खाली एसी बंद झाला. थोड्या वेळाने जिन्यावर टापा वाजल्या. पाशा कुणी न बोलावता, एकेक पायरी सांभाळत, घाम आलेल्या तोंडाने उतरत होता. गल्लीने त्याला वाट करून दिली.

शनिवारी किनावी कॉफीखान्यात गेला. टांग्यावर आता टपाच्या जागी एसीच्या खोक्याचा पुठ्ठा बांधलेला होता, ‘उलटं ठेवू नये’ असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. फरगली वाटच बघत होता. कालची हार त्याला पचली नव्हती.

“तुझी घोडी म्हातारी झाली रे,” तो म्हणाला. “पंधराची असेल.”

“नऊची आहे.”

“पंधरा! लागली पैज? हरेल त्याने सगळ्यांचा चहा द्यायचा.”

“अरे, माझ्या हातात जन्मली ती! नऊ! माझ्यावर—”

सगळा कॉफीखाना पुढे वाकला. ग्लास हवेत थांबले. किनावीने पुढचा शब्द चहाबरोबर गिळला.

“माझ्यावर काय?” फरगलीने विचारलं.

“काही नाही,” किनावी म्हणाला. “नऊची आहे. मी सांगतोय ना.”

“सांगतोस तर तू रोजच. शपथ घे.”

“शपथ नाही.”

मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. किनावी शपथ घेत नाही म्हणजे घोडी पंधराची, असं एकमताने ठरलं. किनावीने सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि भर दुपारी, लाल कानांनी घरी आला.

“काय झालं?” दौलतने विचारलं.

“शरबत पंधराची झाली. मी नऊ म्हटलं, कुणी ऐकलं नाही.”

“नऊचीच आहे,” दौलत म्हणाली.

“तुला काय माहीत? तू तर तेव्हा माहेरी, इस्नाला गेली होतीस.”

“तुम्ही सांगितलं होतं ना.”

एवढं म्हणून ती दाराशी गेली, वाकली, आणि गाठोड्याच्या गाठी एकेक करून सोडल्या. किनावी बघत राहिला. आतून एकही कपडा निघाला नाही. निघाली ती त्यांची हिवाळ्यातली जाड रजई, एकटीच. तिने ती पलंगावर अंथरली, एसीचं बटण दाबलं आणि झोपायला आडवी झाली.

“इस्नाला रजई नेणार होतीस?” किनावीने आत शिरत विचारलं. “या उन्हाळ्यात? म्हणजे तू जाणारच नव्हतीस?”

“गप्प पडा हो,” दौलत भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “थंडी वाजतेय.”

किनावीला फार म्हणजे फार आनंद झाला. तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडून सांगावा असं त्याला वाटलं, सवयीने जिभेवर “माझ्यावर” आलंसुद्धा, आणि त्याने घाईघाईने रजई तोंडावर ओढून घेतली.